टग बोटीसाठी रेडिओ कुठला घ्यावा? (दोन मोटारी, पहिलाच रिमोट)

घारापुरी

नमस्कार मंडळी. इथे विमानं आणि ड्रोनवाल्यांचे धागे भरपूर आहेत, बोटीवर काही सापडलं नाही म्हणून नवा धागा काढतोय. आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या, हा उडवायला सांगतो.

मी टगचं मॉडेल बांधतोय. लांबी ९० सेंमी, रुंदी २६. प्लायच्या फासळ्या, त्यावर पट्ट्या, बाहेरून ग्लास कापड आणि इपॉक्सी. मुंबई बंदरात मोठी जहाजं ढकलत धक्क्याला लावणाऱ्या जुन्या टग आठवत असतील, त्यातलीच एक. वडील बंदरात नोकरीला होते, त्यांच्याकडे जुने फोटो आहेत, त्यावरून मापं काढली. आत दोन ५४० मापाच्या मोटारी, दोन पंखे, मागे दोन सुकाणू. सांगाडा तयार आहे, शाफ्टच्या नळ्या बसल्या आहेत, आता रेडिओपाशी गाडी अडली आहे.

एक दुकानदार म्हणाला दहा चॅनेलचाच (एकेका कामाला एकेक चॅनेल) घ्या, पुढे लागतो. दुसरा म्हणतो बोटीला पिस्तुलवाला रिमोट लागतो, दांड्यांचा विमानाला. तिसरीकडे मामांच्या माळ्यावर २७ मेगाहर्ट्झचा जुना सेट पडून आहे, अँटेना बाहेर ओढायचा. तो चालला तर पैसे वाचतील. मोटारी सोडून बाकी सगळं मिळून दहा हजारांच्या आत बसवायचं आहे. तलाव ठाण्यातला, फार मोठा नाही. काय घेऊ?

तापकीरगल्ली

दुकानदार चॅनेल मोजून विकतो, आपण कामं मोजून घ्यावीत. तुमच्या टगला नक्की काय काय करायचंय ते आधी लिहा. दोन्ही पंखे कायम एकत्र फिरणार की एक पुढे एक मागे करून जागच्या जागी वळणार? भोंगा, दिवे, पाण्याचा फवारा यातलं काही? बॅटरी कुठली? हे कळल्याशिवाय मॉडेल नंबर सांगण्यात अर्थ नाही.

माळ्यावरच्या सेटचं मात्र आत्ताच सांगतो. राहू द्या माळ्यावर.

वेगवेडा

भावा, डोळे झाकून पिस्तूल घे. चाक फिरवलं की बोट वळती, ट्रिगर ओढला की पळती. विषय संपला. रंकाळ्यावर आमची सगळी पोरं पिस्तुलावरच चालवत्यात. दांड्यांचा रिमोट घेऊन वेगात बोट वळवायला गेलास की अंगठा गोंधळतोय बघ.

घारापुरी

@तापकीरगल्ली, जागच्या जागी वळणं हवंच, टगची सगळी मजा त्यातच आहे. भोंगा आणि दिवे नक्की. फवारा जमला तर. बॅटरी ६ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड, इमर्जन्सी लाइटमध्ये असते ती. वजन हवंच आहे, नाहीतर शिसं भरावं लागेल.

@वेगवेडा, तुमची बोट कुठली? माझी धावणार नाही हो, रांगणार.

वेगवेडा

आपली मोनो हल (एकाच बुडाची), ब्रशलेस मोटार, पाण्यानं गार होणारा ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट). पळाली की नाद खुळा. रांगणाऱ्या बोटीचं मला म्हाईत न्हाई, ते पुण्याचं पाहुणं सांगतील.

तापकीरगल्ली

सांगतो. वेगवेडा त्यांच्या बोटीपुरतं शंभर टक्के बरोबर बोलताहेत. वेगाच्या बोटीला एक मोटार, एक सुकाणू. दोन चॅनेलमध्ये काम संपतं, आणि चाकावर बारीक वळण जितकं नेमकं घेता येतं तितकं दांडीवर येत नाही. टगचा खेळ वेगळा. डावी मोटार, उजवी मोटार, सुकाणू, वर दोन स्विच. म्हणजे पाच चॅनेल झाले. पिस्तुलात चारसहा चॅनेलवालेही मिळतात, पण दोन मोटारी वेगवेगळ्या चालवायला दुसरा ट्रिगर कुठून आणणार? त्यामुळे तुम्हाला दोन दांड्यांचा, सहा चॅनेलचा.

भारतात सगळीकडे मिळणारा आणि बजेटमध्ये बसणारा म्हणजे फ्लायस्काय एफएस-आय६, सोबत आयए६बी रिसीव्हर. दोन्ही मिळून पाचेक हजारांच्या आसपास, भाव हलता असतो. रिसीव्हरच्या नावात शेवटचा ‘बी’ आहे ना ते बघून घ्या. बी नसलेला आयए६ स्वस्त पडतो, पण तो बोटीतल्या व्होल्टेजचा आकडा हातातल्या स्क्रीनवर पाठवत नाही.

महागात जायचं तर रेडिओमास्टर वगैरे आहेत, ओपन सॉफ्टवेअर, हवं ते मिक्सिंग (चॅनेल एकमेकांत मिसळणं). उत्तम वस्तू, पण ठाण्याच्या तलावात टग फिरवायला ती लागत नाही. कित्येक किलोमीटरच्या रेंजच्या गप्पा ड्रोनवाल्यांनी माराव्यात. ९० सेंमीची बोट शंभर मीटरवर गेली की तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हेच डोळ्याला कळत नाही. त्यापुढची रेंज घेऊन करायचं काय?

एक लक्षात ठेवा. एका कंपनीचा ट्रान्समीटर दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरशी सहसा बोलत नाही. सगळे २.४ गिगाहर्ट्झवरच असले तरी प्रत्येकाचा प्रोटोकॉल निराळा. आज रिमोट घेताना तुम्ही पुढच्या सगळ्या बोटींचे रिसीव्हरही ठरवताय. त्यामुळे मी ट्रान्समीटरच्या किमतीपेक्षा सुट्या रिसीव्हरची किंमत आधी बघतो.

पाणकावळा

धागा वाचून राहवलं नाही. मी एनसीसीच्या नौदल विभागात बरीच वर्षं मुलांना जहाजांची मॉडेल्स शिकवली. नौसैनिक शिबिरात शिप मॉडेलिंगची स्पर्धा असते, त्यासाठी. माळ्यावरच्या २७ मेगाहर्ट्झच्या सेटबद्दल लिहितो, कारण तापकीरगल्लींनी त्याला एका ओळीत निकालात काढलंय.

ते सेट वाईट नव्हते. त्यात क्रिस्टलची जोडी असायची, एक ट्रान्समीटरमध्ये आणि जुळणारं दुसरं रिसीव्हरमध्ये. २६.९९५ पासून २७.२५५ पर्यंत सहा ठरलेल्या फ्रिक्वेन्सी, प्रत्येकीचा रंग ठरलेला: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. अँटेनाला त्या रंगाची फीत बांधायची. काठावर एक फळी, तिच्यावर रंगीत चिमटे. चिमटा हातात असेल त्यानेच सेट चालू करायचा. एकाच रंगाचे दोन सेट चालू झाले की दोन्ही बोटी वेड्यासारख्या फिरायच्या. चिमटा खिशात घालून चहाला जाणारा माणूस त्या दिवसापुरता सगळ्यांचा शत्रू.

आता अडचण निराळी आहे. बागेत पोरांच्या हातात असलेल्या स्वस्तातल्या खेळण्यातल्या गाड्या अजूनही २७ वर चालतात, आणि तलावाकाठी बाग असतेच. शिवाय ५४० मोटारीच्या ब्रशच्या ठिणग्या त्या रिसीव्हरला थेट ऐकू येतात, सुकाणू थरथरत राहतं. २.४ मध्ये हे दोन्ही त्रास जवळजवळ गेले. दोन्ही पट्टे आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतात, २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून खुला आहे, त्यामुळे कायद्याचा प्रश्न नाही. प्रश्न मनःशांतीचा आहे. मामांचा सेट शोकेसमध्ये ठेवा.

अवांतर: रेडिओने दुरून चालवलेली पहिली गाजलेली वस्तू विमान नव्हे, बोटच होती. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात निकोला टेस्लाने हौदात बोट चालवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पेटंटही मिळालं. तेव्हा विमानवाल्यांनी ‘बोट काय, खेळणं’ म्हटलं तर हे ऐकवावं.

अवनी_ठाणे

वाचतेय. काका, चिमट्याचा किस्सा भारी. वाखूसा (वाचनखूण साठवली).

डोलकाठी

शिडाच्या बोटींच्या वतीने दोन ओळी. मी गोव्यात असते, माझ्याकडे एक मीटरवाली आयओएम (इंटरनॅशनल वन मीटर) वर्गाची बोट आहे. तिला नियमानेच दोन कामं: एक सुकाणू, एक शिडाची दोरी. तिसरं काही लावता येत नाही. पण रेडिओ घेताना एक गोष्ट इंजिनच्या बोटीच्या बरोब्बर उलटी बघावी लागते. शिडाच्या दोरीची दांडी सोडली की जागेवर राहिली पाहिजे, मध्ये येता कामा नये. विमानाच्या रिमोटची डावी दांडी तशीच असते, स्प्रिंगशिवाय, करकर आवाज करत पायरीपायरीने सरकणारी. त्यामुळे विमानाचा रिमोट शिडाच्या बोटीला जसाच्या तसा चालतो.

घारापुरी, तुम्हाला मात्र तीच दांडी त्रास देईल. टगला दांडी सोडली की मोटार थांबायला हवी. आय६ ची डावी दांडी मध्ये परत येत नाही.

घारापुरी

अरे देवा. मग उघडून स्प्रिंग बसवायची का? नवीन वस्तूचे स्क्रू काढायला जीव होत नाही.

तापकीरगल्ली

डोलकाठी ताईंनी नेमकं बोट ठेवलं, मी पुढच्या प्रतिसादात हेच लिहिणार होतो.

उघडू नका. आय६ मोड २ मध्ये येतो. उजवी दांडी आडवी म्हणजे चॅनेल १, उजवी उभी म्हणजे २, डावी उभी ३, डावी आडवी ४. यातली फक्त ३ नंबरची हालचाल स्प्रिंगशिवाय आहे. उजवी दांडी दोन्ही दिशांना मध्ये परत येते. मग बोटीचा वेग चॅनेल २ वर घ्या. पुस्तकात थ्रॉटल ३ वर लिहिलंय म्हणून ईएससी ३ मध्येच खुपसायची सक्ती नाही. रिसीव्हरला त्या खाचेत काय लावलंय ते कळत नाही.

दोन मोटारींसाठी मेनूत ‘एलेव्हॉन’ नावाचं मिक्सिंग आहे, शेपूट नसलेल्या विमानांसाठी केलेलं. ते चालू केलं की चॅनेल १ आणि २ एकमेकांत मिसळतात. एक ईएससी १ मध्ये, दुसरा २ मध्ये. उजवी दांडी सरळ पुढे केली की दोन्ही मोटारी पुढे, नुसती बाजूला नेली की एक पुढे, एक मागे, आणि टग जागच्या जागी भिंगरी. सुकाणू ४ वर, म्हणजे डाव्या अंगठ्याला. ५ आणि ६ वर भोंगा, दिवे. ३ रिकामाच राहतो, फवाऱ्याच्या पंपाला द्या. तिथे स्प्रिंग नसणं सोयीचं, पाणी सोडून हात मोकळा.

वळताना मोटारी उलट्या दिशेने प्रतिसाद देतील तर रिव्हर्सचा मेनू आहे, घाबरू नका. आणि मेनूत काही बदललं की ‘कॅन्सल’ दाबून धरायचं, तेव्हा ते सेव्ह होतं. दाबून न धरता बाहेर आलात तर बदल गेला. हे कुणी ठरवलं असेल त्याला माझा दंडवत.

रिमोट चालू करताना डावी दांडी पूर्ण खाली आणि सगळे स्विच वर नसतील तर तो ओरडतो आणि पुढे जात नाही. बिघडला म्हणून दुकानात पळू नका.

वेगवेडा

पाहुणं, हे एलेव्हॉनचं म्हाईत नव्हतं. मान्य. टगला दांड्या. पण मोनोला पिस्तूलच.

घारापुरी

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आता ईएससी. एके ठिकाणी ‘३२० अँपिअर’ लिहिलेला ब्रश मोटारीचा ईएससी अगदी स्वस्तात दिसतोय. दोन घेतले तरी बजेटला धक्का नाही. ३२० म्हणजे माझ्या मोटारीला जन्मभर पुरेल ना?

पाणकावळा

त्याच्या तारा बघितल्यात का? घरातल्या मिक्सरच्या वायरीएवढ्या जाडीच्या. ३२० अँपिअर खरोखर वाहिले तर त्या तारा क्षणात लाल होऊन वितळतील. मोटारगाडीच्या स्टार्टरला जाणारी केबल डोळ्यांसमोर आणा आणि मग तो आकडा पुन्हा वाचा. हा आकडा आतल्या ट्रान्झिस्टरच्या कागदावरून उचललेला असतो, सलग चालण्याशी त्याचा संबंध नाही.

तापकीरगल्ली

+१. तरी तो अगदी टाकाऊ नाही. ३८० ची छोटी मोटार, हलकी बोट असेल तर तो पुष्कळ लोक वापरतात, रिव्हर्सही देतो. तुमच्या ५४० ला नको.

आधी मोटार किती करंट खाते ते मोजा. हवेत फिरवून मोजू नका, तो आकडा फसवा. पंखा बसवून बोट टबात ठेवा, हाताने धरा आणि पूर्ण वेगावर मोजा. साधा मल्टिमीटर १० अँपिअरपर्यंतच मोजतो आणि त्यापुढे फ्यूज उडतो, तेव्हा डीसी क्लॅम्प मीटर किंवा बॅटरीच्या मधे लावायचा वॉटमीटर वापरा. जो आकडा येईल त्याच्या किमान दुप्पट ईएससी घ्या, कारण पंख्यात जलपर्णी अडकली की मोटार गच्च थांबते आणि करंट कित्येक पट वाढतो. ठाण्याच्या तलावात ती नसेल तर प्लास्टिकची पिशवी असेल.

हॉबीविंगचा क्विकरन १०६० यासाठी चांगला. ब्रश मोटारीचा, ६० अँपिअर, पाणी उडालं तरी चालतो. त्याच्यावर दोन छोटे जंपर आहेत. एक बॅटरीच्या प्रकाराचा: लेड-अ‍ॅसिडला लिपोवर (लिथियम पॉलिमर) ठेवू नका, एनआयएमएचवर (निकेल मेटल हायड्राइड) ठेवा, नाहीतर ६ व्होल्टलाच तो बॅटरी संपली म्हणून मोटारीची वीज तोडेल. दुसरा चालवण्याच्या पद्धतीचा. गाड्यांसाठी त्यात पुढे-ब्रेक-मागे अशी सोय असते: दांडी मागे ओढली की आधी ब्रेक, सोडून परत ओढली की रिव्हर्स. बोटीला ब्रेक म्हणजे काय? धक्का समोर येतोय आणि पहिल्या ओढीला नुसती मोटार थांबतेय, हे टगवाल्याला परवडणारं नाही. जंपर पुढे-मागे या जागी लावा, मग थेट रिव्हर्स.

विमानाच्या ब्रशलेस ईएससीला तर बहुतेक वेळा रिव्हर्सच नसतो. कुणी ‘हा पण चालेल’ म्हणून गळ्यात मारेल, तेवढं विचारून घ्या.

डोलकाठी

दोन ईएससी म्हणजे दोन बीईसी (ईएससीतला रिसीव्हरला वीज देणारा रेग्युलेटर), ते सांगायचं राहिलं.

तापकीरगल्ली

हो, बरं झालं आठवण केलीत. ईएससीच्या तीन तारांच्या प्लगमधली मधली लाल तार रिसीव्हरला वीज देते. दोन्ही ईएससींची लाल तार एकदम जोडली की दोन रेग्युलेटर एकमेकांशी भांडतात. एका प्लगमधली लाल तार सुईने प्लॅस्टिकची जीभ उचलून बाहेर ओढा, तिला टेप गुंडाळा, कापू नका. कधीतरी ती पहिली बीईसी गेली की दुसरी लागेल.

आणि सुकाणूला एमजी९९६आर सर्व्हो (सुकाणू हलवणारी छोटी मोटार) लावायचा मोह आवरा. सगळीकडे मिळतो, धातूचे दाते, दहा किलोचा जोर, म्हणून लोक उचलतात. अडकला की अडीच अँपिअर खेचतो. बीईसीची ताकद दोनतीन अँपिअरची. सुकाणू दगडाला लागलं की रिसीव्हरचं व्होल्टेज पडतं, तो रिसेट होतो आणि बोट काही क्षण कुणाचीच नसते. लोक म्हणतात रेंज गेली. रेंज जागेवरच असते, जेवण तुटलेलं असतं. टगच्या सुकाणूला तीन किलोचा साधा सर्व्हो भरपूर झाला.

साउदॅम्प्टनकर

उशिरा आलो. इथे इंग्लंडात क्लबात बरीच मंडळी अजून जुने ४० मेगाहर्ट्झचे सेट बाळगून आहेत. इथे २७ कुठल्याही मॉडेलला, ४० जमिनीवरच्या-पाण्यावरच्या मॉडेलला, ३५ फक्त विमानाला, असं वाटप आहे. नवे सगळे २.४ वरच येतात. फक्त पाणबुडीवाले ४० ला चिकटून आहेत, आणि त्यांना कारण आहे. २.४ च्या लहरी पाणी पिऊन टाकतं, बोट काही सेंटिमीटर खाली गेली की संपर्क तुटला. ४० गोड्या पाण्यात काही मीटर खालपर्यंत चालतो. खाऱ्या पाण्यात तोही नाही.

घारापुरी, नव्या किंवा जुन्या काही वस्तू हव्या असतील तर दिवाळीत येतोय, घेऊन येऊ का? इथे सेकंडहँड चांगलं मिळतं.

पाणकावळा

पाणबुडीवरून आठवलं. खऱ्या पाणबुड्यांची हीच रड आहे, म्हणून नौदलाला अतिशय कमी फ्रिक्वेन्सीचं केंद्र बांधावं लागतं. आपलं तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे, आयएनएस कट्टाबोम्मन. फ्रिक्वेन्सी जितकी खाली, अँटेना तितका अवाढव्य. २७ मेगाहर्ट्झला पाव लहर पावणेतीन मीटर होते. २.४ ला ३१ मिलिमीटर.

तापकीरगल्ली

ते ३१ मिलिमीटर हाच तुमच्या बोटीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, घारापुरी. रिसीव्हरमधून दोन बारीक काळ्या तारा येतात. त्यांच्या टोकाचा तीनएक सेंटिमीटरचा, जाळी सोललेला भाग तेवढा अँटेना. बाकीची तार म्हणजे नुसती नळी, ती कुठूनही न्या. टोकं मात्र पाण्याच्या रेषेच्या वर हवीत. लोक रिसीव्हर बोटीच्या तळाला दुहेरी टेपने चिकटवतात, तारा तिथेच गुंडाळतात, आणि मग अँटेना प्रत्यक्षात पाण्याच्या पातळीखाली, चहूबाजूंनी पाणी. घरात सगळं झकास चालतं, तलावात वीस मीटरवर बोट बहिरी.

तुमच्या टगला उंच केबिन आहे, सोन्यासारखी जागा. दोन्ही टोकं प्लास्टिकच्या स्ट्रॉमध्ये घालून केबिनच्या आतल्या भिंतीला लावा, एक उभं, एक आडवं, काटकोनात. एकाची दिशा चुकली की दुसरं ऐकतं. प्लाय आणि फायबरग्लासमधून लहर आरपार जाते. पितळी कठडे, तांब्याचा पत्रा, कार्बन फायबर यांपासून लांब. तार लांब वाटली म्हणून कापू नका, टोक घडी घालून वाकवू नका.

@साउदॅम्प्टनकर, मालक, रेडिओ आणू नका. वायरलेस सामानाला आपल्याकडे डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची) मान्यता लागते, बाहेरून आलेलं पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. इथे मिळणारी वस्तू इथेच घ्यावी, बिघडली तर दुकानदाराच्या टेबलावर आपटता येते. पंखे आणा, पितळी, चार पात्यांचे. डावा-उजवा जोड इथे सहज मिळत नाही. सुटी लिथियम बॅटरी आणलीत तर ती केबिनच्या सामानात, चेक-इनमध्ये नाही.

साउदॅम्प्टनकर

पंखे आणतो. माप व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वेगवेडा

फेलसेफ सांगा की त्यास्नी. मागं एका गड्याची बोट रेंज गेल्यावर फुल्ल थ्रॉटलमध्येच राहिली, गेली थेट कमळाच्या वेलात. काढायला गुळाची काहिल मागवावी लागली, होडीसारखी.

डोलकाठी

फेलसेफ म्हणजे सिग्नल तुटला तर कुठल्या चॅनेलने काय करायचं, ते रिसीव्हरला आधीच सांगून ठेवणं. आय६ मध्ये मेनूतून आरएक्स (रिसीव्हर) सेटअपमध्ये जाऊन फेलसेफ लावता येतो. दोन्ही मोटारींच्या चॅनेलना मधली जागा द्या, म्हणजे मोटार बंद. इथे विमानवाल्यांच्या यूट्यूब व्हिडिओवर जाऊ नका, ते दांडी पूर्ण खाली ठेवून सेट करतात. त्यांची खालची जागा म्हणजे इंजिन बंद, आपली खालची जागा म्हणजे पूर्ण वेगाने मागे. सुकाणूला काही नका देऊ, चालेल.

शिडाच्या बोटीत मी सुकाणू थोडं एका बाजूला ठेवते. संपर्क तुटला तर तिथल्या तिथे गोल फिरत राहते, वाऱ्यावर पार पलीकडे जात नाही.

अवनी_ठाणे

हे तपासायचं कसं? रिमोट बंद करून?

तापकीरगल्ली

तिथेच गंमत आहे. आय६ बंद करायला गेलात आणि बोटीतला रिसीव्हर चालू असेल तर तो बंद व्हायला नकार देतो. ‘आधी रिसीव्हर बंद करा’ असा निरोप दाखवतो आणि चालूच राहतो. एरवी हे शहाणपणाचं आहे. फेलसेफ तपासायला मात्र मागचं झाकण काढून चारातला एक सेल उचलायचा. बोट स्टँडवर, पंखे मोकळे, मोटारी हळू चालू ठेवा आणि सेल काढा. मोटारी थांबल्या तर पास. हे पाण्यावर जाण्याआधी, घरी.

रेंजही काठावर तपासा, पण बोट पाण्यात तरंगत ठेवून. गवतावर ठेवलेली बोट आणि पाण्यातली बोट यांत रेडिओच्या दृष्टीने फार फरक. मित्राला रिमोट घेऊन काठाकाठाने लांब चालत जायला सांगा, बोट तुम्ही धरा. त्याने रिमोट कमरेशी धरावा, डोक्यावर नाही.

पाणकावळा

रिसीव्हर ओला होऊ नये म्हणून आम्ही फुग्यात घालायचो. तारा तोंडातून बाहेर, वर रबर बँड. स्वस्त आणि खात्रीचं.

डोलकाठी

काका, माफ करा, पण गोव्याच्या दमट हवेत फुगा आतून घामेजतो. सकाळी उन्हात बोट, दुपारी गार पाणी, की आत दव साचतं आणि पिना हिरव्या पडतात. मी झाकणाचा छोटा डबा वापरते, आत सिलिका जेलची पुडी. घरी आलं की झाकण उघडं. समुद्रात चालवली तर घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, सर्व्होची दांडीसुद्धा.

पाणकावळा

मान्य नाही, पण तुमच्याकडे समुद्र आहे, आमच्याकडे तलाव होता. फुग्याने आम्हाला दगा दिला नाही. फुगा दर वेळी नवा हवा, हे मात्र खरं.

घारापुरी

मंडळी, सामान आलं. आय६ आणि आयए६बी, दोन १०६०, एक साधा सर्व्हो, भोंगा-दिव्यांसाठी रिसीव्हरवर चालणारे दोन छोटे रिले. बजेटच्या थोडं बाहेर गेलं, ते घरी सांगितलेलं नाही. टबात दोन्ही मोटारी मोजल्या, ६० अँपिअरच्या निम्म्याच्याही खूप खाली आहेत. एलेव्हॉन चालू केलं, टब छोटा पडला, पाणी बाथरूमभर. सेल काढून फेलसेफही बघितला, दोन्ही मोटारी थांबल्या.

पंखे साउदॅम्प्टनकर आणेपर्यंत तात्पुरते इथलेच दोन सारखे लावलेत. एक शंका राहिली. पंखे आले की ते आत फिरणारे लावू की बाहेर? आणि एका मोटारीची दिशा उलटी करायला बॅटरीच्या तारा उलट्या केल्या तर चालेल ना?

तापकीरगल्ली

थांबा!! बॅटरीच्या तारा उलट्या केल्या तर ईएससी तिथल्या तिथे धूर सोडेल. मोटारीला जाणाऱ्या दोन तारा अदलाबदल करा. ब्रश मोटार आहे, तिला चालतं.

पाणकावळा

बाहेर फिरणारे लावा. मागून बघताना उजवा पंखा घड्याळाच्या दिशेने, डावा उलट. एक पुढे एक मागे केल्यावर टग जास्त चांगली वळते. त्यासाठी डाव्या पात्यांचा आणि उजव्या पात्यांचा असा जोडच लागतो, सारखे दोन घेऊन नुसती मोटार उलटी केलीत तर एक पंखा मागे ढकलेल. सध्याचे दोन सारखे आहेत तोवर दोन्ही मोटारी एकाच दिशेने राहू द्या.

साउदॅम्प्टनकर

माप अजून आलं नाही व्यनित. शाफ्टच्या टोकाचा आटा कितीचा आहे तेही लिहा, इथे एम४ आणि एम५ दोन्ही मिळतात.

घारापुरी

एम४. बाकी मापं रात्री मोजून पाठवतो.